सात परुस पाण्याखाली जायचं तर

(दहावी १९९६ बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दसऱ्यापासून आपल्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे. अंदमानला जायचं, आणि नुसते किनाऱ्यावर फोटो काढून परत यायचं नाही, तर पाण्याखाली उतरायचं. बत्तीस जणांनी अंगठा वर केला आहे. आपल्यात डायव्हिंगचा कोर्स केलेली मी एकटीच निघाले, म्हणून संयोजकांनी मला आज वीस मिनिटं दिली आहेत. सुरुवात त्या अंगठ्यापासूनच करते. पाण्याखाली बोलता येत नाही, हाताच्या खुणा चालतात. तिथे अंगठा वर करणं म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘मला वर जायचंय’. ‘सगळं ठीक’ म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. थोडक्यात, आपले बत्तीस जण उतरायच्या आधीच वर निघाले आहेत!

मी काही समुद्राची जाणकार नाही. तुमच्यासारखीच मीही टँकरची वाट बघत घागरी रांगेत लावलेल्या जिल्ह्यातली. पण वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, आणि तिथे रोजचं काम एकच असतं: काय काय बिघडू शकतं याची यादी आधी करायची. तीच यादी आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते, म्हणजे मध्येच जेवणाची हाक आली तरी ती राहायला नको. या सहलीची तयारी बॅग भरण्यापासून सुरू होत नाही, डॉक्टरांकडे जाण्यापासून सुरू होते. विमानाचं तिकीट काढण्याआधी डॉक्टर. हॉटेलच्या आधी डॉक्टर. पोहण्याचे कपडे घेण्याच्या तर खूपच आधी डॉक्टर.

कुठल्याही चांगल्या डायव्हिंग सेंटरवर पाण्यात उतरण्याआधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. दमा आहे का, फिट येते का, मधुमेह, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, गर्भारपण, असं सगळं त्यात विचारलेलं असतं. एक प्रश्न तर आपल्या बॅचसाठीच घातल्यासारखा आहे: तुमचं वय पंचेचाळीसच्या वर आहे का? ‘हो’ म्हटलं की पुढचे प्रश्न येतात. धूम्रपान करता का, कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे का, रक्तदाब आहे का, घरातलं जवळचं कुणी पन्नाशीच्या आत अचानक किंवा हृदयविकाराने गेलं आहे का. यातल्या एकालाही ‘हो’ आलं, तर डॉक्टरांची सही हवी.

हे विचारतात कारण डायव्हिंग करताना होणाऱ्या मृत्यूंमागे हृदयाचा त्रास हे एक मोठं कारण आहे. पाण्यात उतरलं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावरचा भार वाढतो. त्यात पाठीवर वजन, पाय मारण्याचे श्रम आणि पहिल्या वेळची भीती. जमिनीवर जे हृदय कुरकुर करत नाही, ते तिथे करू शकतं.

आणि आपल्याकडे आजार लपवायची सवय आहे. इथे बसलेल्यांपैकी काहींची बीपीची गोळी बायकोलाही माहीत नसेल. मैत्रिणींनो, आपण काही कमी नाही. चक्कर येते, दम लागतो, तरी ‘उपासामुळे असेल’ म्हणून वर्षानुवर्षं हिमोग्लोबिन तपासत नाही. एका डायव्हिंग सेंटरवर काउंटरवरच्या मुलानं मला सांगितलं होतं, ‘मॅडम, सगळीकडे नो लिहून टाका, लवकर होईल.’ मी आणि माझी मैत्रीण तिथून उठलो आणि दुसरीकडे गेलो. तुम्हालाही कुणी असं म्हटलं, तर तुम्हीही उठा. तो कागद सेंटरच्या सोयीसाठी नाही. तीस फूट खाली तुमचा हात धरलेल्या माणसाला तुमच्याबद्दल जे माहीत असायला हवं, ते त्यात लिहायचं असतं.

आजार आहे म्हणजे सहल बुडाली असं नाही. ताब्यात असलेला रक्तदाब डॉक्टर बघतात, ईसीजी किंवा गरज पडली तर ट्रेडमिलवरची तपासणी करतात, औषध बदलून देतात, आणि बऱ्याच जणांना परवानगी मिळते. फक्त त्यासाठी वेळ हवा. आज कळलं तर बारा आठवडे हातात आहेत. आणि कुणाला डॉक्टरांनी ‘नको’ म्हटलं, तर त्याला ग्रुपवर कुणीही ‘घाबरला’ म्हणायचं नाही. हा माझा आजचा एकच हुकूम. तळाला काच लावलेल्या बोटी तिथे आहेत, त्यातून प्रवाळ दिसतं. सर, बाई, तुम्हीही त्या बोटीत बसायला या.

आता उतरायचे दोन प्रकार. पहिला, एकदाच अनुभव घेण्याचा. प्रशिक्षक तासभर समजावून सांगतो, कमरेइतक्या पाण्यात सराव करून घेतो आणि मग हात धरून खाली नेतो. यात जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत जातात. आपल्या भाषेत साधारण सात परुस, म्हणजे एका बऱ्यापैकी विहिरीचा तळ. पहिल्या वेळी बहुतेक जण त्याच्या निम्म्यावरच असतात, आणि तेवढं पुरतं. दुसरा प्रकार ‘ओपन वॉटर’ कोर्स. तीन-चार दिवस, थोडा अभ्यास, परीक्षा, आणि मग १८ मीटरपर्यंत जायचं प्रमाणपत्र. पहिल्या प्रकाराला पोहता येण्याची अट नसते. कोर्सला मात्र २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगावं लागतं.

अट असो नसो, पोहायला शिका. आपल्या वर्गातल्या मुलांनी पाठीला डबा बांधून विहिरीत मुटके मारले. आपण मुली काठावर बसून कपड्यांची राखण केली. मी एकेचाळिसाव्या वर्षी पुण्यात पोहायला शिकले, माझ्या शेजारी सात वर्षांची मुलं शिकत होती. पाण्यात चेहरा घालून शांतपणे श्वास सोडता येणं, एवढं एक आलं की निम्मी भीती जाते. ज्यांच्या गावात तरणतलाव नाही त्यांनी सोलापूरला किंवा नातेवाइकांकडे पंधरा दिवस काढावेत. विहिरीत शिकणार असाल तर एकट्यानं नको, काठावर पोहणारा माणूस हवाच. आणि रोज अर्धा तास झपझप चाला. टाकी घेऊन बोटीवर परत चढताना त्या चालण्याची आठवण येते.

रंगीत तालीम मालवणला करू. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास डायव्हिंग चालतं, आणि तारकर्लीला आपल्या पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षणाची संस्था आहे, तिथे सरावासाठी तरणतलाव आहे. डिसेंबरमध्ये दोन दिवस काढले की आपल्याला हे मानवतं का, हे स्वस्तात कळतं. मालवणचं पाणी अंदमानइतकं नितळ नसतं, पण शिकायला चांगलं. आणि ज्यांना अंदमानचा खर्च झेपणार नाही, त्यांची सहल मालवणची. त्यात कमीपणा काही नाही. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये पाण्यातल्या कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, त्या किल्ल्याच्या सावलीत पाण्याखाली उतरणं ही काय छोटी गोष्ट आहे?

मालवणला जाताना कोल्हापूरच्या पुढे घाट उतरतो तेव्हा कान दडपतात, आठवतंय? सहाशे-सातशे मीटरचा घाट उतरून कानावर जेवढा दाब वाढतो, तेवढा पाण्यात पाऊण मीटर खाली गेलं की वाढतो. द्रवाचा दाब खोलीनुसार वाढतो हे आपण याच इमारतीत शिकलो. दहा मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट होतो. म्हणून खाली जाताना दर थोड्या अंतराला नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलायची. जोर लावायचा नाही. दुखलं तर थांबायचं, थोडं वर यायचं, पुन्हा करायचं. हा सराव आजपासून घरी करा. आणि सर्दी झाली असेल तर त्या दिवशी उतरायचं नाही. गोळी घेऊन, नाक तात्पुरतं मोकळं करून तर अजिबात नाही, कारण औषधाचा असर खालीच उतरला तर वर येताना हवा अडकते.

दुसरा नियम त्याहून मोठा: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखून घाईनं वर आलं तर फुप्फुसाला इजा होते. विहिरीत बुडी मारताना आपण नेमकं उलटं करतो, छाती भरून घेतो आणि दम धरतो. म्हणून ज्यांना उत्तम पोहता येतं त्यांनी हे जास्त लक्षात ठेवायचं. तिथे सावकाश श्वास घ्यायचा, सावकाश सोडायचा, आणि सावकाश वर यायचं.

तिसरा नियम विमानाचा. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो. जत्रेतला गोटीसोडा आठवा. गोटी आत ढकलली, दाब कमी झाला की बुडबुडे सुटतात. डायव्हिंग करून लगेच विमानात बसलं तर तेच शरीरात होऊ शकतं. एकच डायव्ह केला असेल तर विमानाआधी किमान १२ तास, अनेक दिवस डायव्ह केले असतील तर किमान १८ तास जाऊ द्यावेत असा संकेत आहे. आपण सरळ २४ तास धरू.

या तिसऱ्या नियमावरच आपलं वेळापत्रक बसवलं आहे. आधी बेट, मग शहर. उतरल्यावर लगेच स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, बोटीनं जायचं. तिथे डायव्हिंग आटपायचं आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी श्री विजयपुरमला यायचं. पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासूनचं हे नाव, तिकिटावर कुठलंही दिसलं तरी गोंधळू नका. शेवटचा दिवस सेल्युलर जेलसाठी. १९११ मध्ये सावरकरांना जिथे नेलं, ती जागा बघायला घाईचा अर्धा तास पुरत नाही. आणि समुद्र खवळला म्हणून बोट रद्द झाली तरी विमान चुकत नाही. शेवटचा दिवस मोकळा ठेवण्यात असे तीन फायदे आहेत.

महिना जानेवारीचा शेवट धरला आहे. पावसाळ्यात तिथला समुद्र उग्र असतो. डिसेंबर ते एप्रिल पाणी शांत आणि नितळ मिळतं. आपल्या शेतकरी मित्रांचं सोयाबीन तोवर निघालेलं असेल, ज्वारी काढणीला आलेली नसेल, आणि शिक्षक मंडळींच्या परीक्षा दूर असतील. विमान हैदराबाद किंवा चेन्नईहून. उमरगा, नळदुर्गकडच्यांना हैदराबादच सोयीचं. वेळापत्रक बदलत असतं, म्हणून तिकीट काढताना पुन्हा बघा.

आकडे मी मुद्दाम सांगत नाही, ते हंगामागणिक बदलतात. विचारायचे प्रश्न सांगते, ते लिहून घ्या. एका प्रशिक्षकामागे किती जण? पहिल्या डायव्हला मी एकास एकच मागते. प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र कोणतं? बोटीवर ऑक्सिजन असतो का? काही झालं तर जवळचं दवाखाना आणि दाबाची खोली, म्हणजे रिकम्प्रेशन चेंबर, कुठे? फोटो, बोट, साहित्य पैशात धरलंय की वेगळं? हवा बिघडली तर पैसे परत मिळतात का? उत्तर देताना जो वैतागतो, त्याच्याकडे जायचं नाही. प्रवास विमा काढताना त्यात डायव्हिंग धरलंय का ते वाचा. पुष्कळ विम्यांत ते वगळलेलं असतं.

आता बॅग. थोडकीच. आधार कार्ड आणि त्याची प्रत. डॉक्टरांचं पत्र, रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, हातातल्या पिशवीत. पॉवर बँक आणि टॉर्चच्या सुट्या बॅटऱ्याही हातातल्याच पिशवीत, मोठ्या बॅगेत विमानवाले नेऊ देत नाहीत. थोडी रोकड, कारण बेटावर एटीएम मोजकीच. पूर्ण बाह्यांचा, पूर्ण पायांचा पोहण्याचा पोशाख घ्या. त्यावर सेंटरचा रबरी सूट मिळतो, तेव्हा ‘मला असले कपडे जमत नाहीत’ ही अडचण राहत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या हॉटेलच्या तिजोरीत किंवा घरीच. केसांची घट्ट वेणी. मिशीवाल्यांनो, मिशीमुळे मास्कमध्ये पाणी शिरतं. थोडं व्हॅसलीन लावा, किंवा मिशी काढा. चष्मेवाल्यांसाठी नंबरचे मास्क मिळतात, आधी नंबर कळवून ठेवा.

मैत्रिणींनी मला बाजूला घेऊन विचारलं ते इथे मोठ्यानं सांगते, कारण उत्तर सगळ्यांना हवं आहे. पाळीत डायव्हिंग करता येतं. कप किंवा टॅम्पॉन आधी घरी वापरून सवय करा. आपण देवदर्शनाला, लग्नकार्याला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सहज घेतो, तशा या सहलीसाठी डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. त्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढू शकतो, आणि लांबच्या विमान प्रवासात तो नकोच.

तिथला दिवस लवकर सुरू होतो. घड्याळ आपलंच, पण अंदमान इतकं पूर्वेला आहे की सूर्य आपल्यापेक्षा तासाभरानं आधी उगवतो आणि आधीच मावळतो. बोटी सकाळीच निघतात. बोट लागत असेल तर तिची गोळी तासभर आधी घ्या, आणि ती घेऊन किती झोप येते ते इथेच एकदा बघून ठेवा. सकाळी हलका नाश्ता हवा, उपाशी पोटी उतरायचं नाही. त्या आठवड्यातली चतुर्थी देवीला सांगून पुढे ढकला. आणि ज्यांनी रात्रीच्या कार्यक्रमाचं गुपचूप ठरवलंय त्यांना: रात्री पार्टी किंवा सकाळी डायव्ह, दोन्हीतलं एकच मिळेल.

इंटरनेटचं काय, हे माझ्या क्षेत्रातले नक्की विचारणार. चेन्नईहून अंदमानपर्यंत समुद्राच्या तळावरून सुमारे २,३०० किलोमीटरची केबल २०२० मध्ये सुरू झाली. म्हणजे ऑफिसचा फोन तिथेही लागू शकतो. तो उचलायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

शेवटी पाण्याखालची रीतभात. कशालाही हात लावायचा नाही. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण ते जिवंत असतं, आणि पायाच्या एका फटक्यानं मोडतं. ते वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. तुकडा आणणं गुन्हा आहे, आठवण म्हणूनसुद्धा. आपण तुळजापूरच्या मुलखातली माणसं. कवड्यांची माळ आपण लहानपणापासून बघतो. पण ती कवडी म्हणजे समुद्रातल्या एका गोगलगायीचं घर आहे, हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळलं. जिवंत कवडी आपल्या अंगाचा मऊ पदर शंखावरून ओढून घेते, म्हणून तो शंख इतका गुळगुळीत आणि चकचकीत राहतो. ज्या जिल्ह्यात समुद्र कुणी पाहिला नव्हता, तिथल्या आजीच्या गळ्यात समुद्राची वस्तू कधीची येऊन बसली आहे. नशिबानं दिसली तर डोळे भरून बघा, आणि तिथेच राहू द्या.

आता कामाचं. मागच्या टेबलावर आरोग्य प्रश्नावलीच्या प्रती ठेवल्या आहेत. आज प्रत्येकानं एक घरी न्यायची, खरी उत्तरं लिहायची आणि डॉक्टरांना दाखवायची. ती ग्रुपवर टाकायची नाही, ज्याचं त्याच्यापाशी. पंधरा दिवसांत मला फक्त एवढं कळवा: डायव्हिंग, काचेची बोट, की मालवण. तिन्ही याद्या सारख्याच मानाच्या. मालवणच्या बसचं आरक्षण त्यानंतर, विमानाची तिकिटं मालवणहून परत आल्यावर.

आणि हो, यापुढे ग्रुपवर होकार द्यायचा असेल तर अंगठा नको. बोटं जुळवून गोल करा.